शिदोरीचे माप

यात्रेला निघणाऱ्याने सोबत किती घ्यावे, हा प्रश्न वरवर व्यवहाराचा वाटतो. परंतु भारतातील आणि अरबस्तानातील धर्मपरंपरांनी तो धर्मप्रश्न म्हणूनच हाताळला आहे, कारण सोबत घेतलेल्या वस्तूंच्या मापातून माणसाचा उद्यावरचा विश्वास, सहप्रवाशांविषयीची त्याची जबाबदारी आणि मागे राहिलेल्या घराशी असलेली त्याची गाठ, या तिन्हींचा कस लागतो. या सामग्रीला मराठीत शिदोरी म्हणतात, संस्कृतात पाथेय म्हणजे वाटेवर उपयोगी पडणारे, आणि भिवंडीच्या मोहल्ल्यांत बोलल्या जाणाऱ्या उर्दूत तोशा. भाकरी, चटणी, कपडे आणि पैसे यांच्या जोडीला आता या शिदोरीत मोबाइलचा डेटाही आला आहे. यंत्रमागांच्या धडधडीत आणि सुताच्या गोदामांत दिवस काढणाऱ्या, भिवंडीतल्या नारपोलीसारख्या वस्तीतून एखादे कुटुंब उमऱ्याला, म्हणजे हजच्या ठरावीक दिवसांखेरीज वर्षभर करता येणाऱ्या मक्केच्या यात्रेला निघते, तेव्हा परदेशात किती जीबी लागतील, हा हिशेब पासपोर्ट आणि व्हिसाच्या कागदांइतकाच गांभीर्याने मांडावा लागतो.

हा हिशेब चुकतो तो बहुधा घरच्या सवयीमुळे. भारतात रोज दीड किंवा दोन जीबी देणारे प्लॅन सर्रास वापरले जातात आणि दिवसाचा कोटा संपला तरी कमी वेगाने का होईना, जोडणी सुरू राहते. त्यामुळे आपण नक्की किती वापरतो, हे मोजण्याची वेळच येत नाही. त्याच सवयीने पंधरा दिवसांचा अंदाज बांधला, तर रोजच्या दीड जीबीने साडेबावीस जीबी होतात. गरजा एकेक करून मांडल्या की आकडा वेगळाच निघतो. इंटरनेटवरून केलेल्या साध्या बोलण्याला मिनिटाला फार तर एक एमबी धरला, तर वीस मिनिटांचे वीस एमबी होतात. व्हिडिओ कॉलमध्ये जाणारे आणि येणारे, असे दोन्ही चित्रप्रवाह मिळून सेकंदाला एक मेगाबिट, म्हणजे मिनिटाला साडेसात एमबी धरले, तर दहा मिनिटांचे पंचाहत्तर. तीन-तीन एमबीची वीस छायाचित्रे पाठवली तर साठ. नकाशा, निरोप आणि परवान्यांची ॲप यांसाठी आणखी पन्नास. दिवसाची बेरीज २०५ एमबी आणि पंधरा दिवसांची साधारण तीन जीबी होते. याउलट त्याच एक मेगाबिटच्या वेगाने अर्धा तास करमणुकीचा व्हिडिओ पाहिला, तर २२५ एमबी जातात, म्हणजे दिवसभराच्या सगळ्या गरजांपेक्षा जास्त.

या बेरजेत घट धरावी लागते, आणि नारपोलीतल्या कारखानदाराला ही गोष्ट वेगळी शिकवावी लागत नाही. ताण्याचे धागे विणताना बाण्यांच्या वरखाली वळतात आणि आखडतात, म्हणून शंभर मीटर कापडासाठी शंभर मीटर ताणा पुरत नाही. शिवाय गाठी, तुटके धागे आणि बीमच्या शेवटी उरणारा तुकडा यांसाठीही सूत जास्त धरावे लागते. फोनमधली घट अशीच नजरेआड होते. छायाचित्रांची आपोआप होणारी साठवण, ॲपची अद्ययावत आवृत्ती उतरणे, पडद्यावर बोट फिरताच सुरू होणारे व्हिडिओ, यांपैकी काहीही यात्रेकरूने मागितलेले नसते. ही तिन्ही बंद करून वर चतुर्थांश घट धरली, तर चार जीबीत भागते.

येथे श्रद्धावानाची शंका उभी राहते. ज्याच्या घरी पाहुणा म्हणून जायचे, त्याच्यावर भरवसा असेल तर एवढे मोजमाप कशाला? इस्लाममध्ये या भरवशाला तवक्कुल म्हणतात, म्हणजे आपला भार ईश्वरावर सोपवणे. परंतु ही शंका हजच्या संदर्भातच फार पूर्वी उपस्थित झाली होती आणि तिचा निवाडाही झाला होता. इब्न अब्बास यांच्याकडून आलेली आणि सहीह बुखारीत नोंदलेली परंपरा सांगते, की यमनचे लोक शिदोरी न घेता हजला येत, स्वतःला ईश्वरावर विसंबणारे म्हणवत आणि मक्केत पोहोचल्यावर लोकांपुढे हात पसरत. त्या संदर्भात कुरआनच्या दुसऱ्या सूरेतील १९७ वी आयत अवतरली, जिच्यात शिदोरी बरोबर घेण्याची आज्ञा आहे आणि ईश्वराविषयीची सजगता, तकवा, हीच सर्वांत चांगली शिदोरी असल्याचेही सांगितले आहे. उंट मोकळा सोडून ईश्वरावर विसंबावे की बांधून, या प्रश्नावर आधी बांधावा आणि मग विसंबावे, असे पैगंबरांनी सांगितल्याची तिर्मिजीतील परंपराही याच दिशेची आहे.

या निवाड्याचा रोख नीट पाहिला पाहिजे. यमनी यात्रेकरूंचा दोष श्रद्धेच्या अतिरेकात नव्हता. त्यांच्या श्रद्धेचा खर्च दुसऱ्यांना सोसावा लागत होता, हा तो दोष होता. आजच्या काफिल्यात जो काहीच अंदाज न बांधता निघतो, तो तिसऱ्या दिवसापासून सहयात्र्याला हॉटस्पॉट, म्हणजे आपल्या फोनमधून दुसऱ्याला दिली जाणारी जोडणी, मागू लागतो, आणि ज्या सहयात्र्याने नेमके मोजून घेतले आहे त्याची शिदोरी दोघांत आटते. मदीनेत पैगंबरांच्या मशिदीतील रियाज-उल-जन्ना या भागात जाण्यासाठी नुसुक या परवान्यांच्या ॲपवर वेळ घ्यावी लागते, तेव्हा डेटा संपलेला फोन ही एकट्याची अडचण राहत नाही. म्हणून अंदाज बांधणे हे अविश्वासाचे लक्षण मानता येत नाही. दुसऱ्यावर भार न होण्याची ती पहिली अट आहे.

मात्र येथवर अर्धाच विचार होतो, कारण कमी पडण्याचा धोका टाळला तरी जास्त घेण्याचा प्रश्न उरतो. त्याचा सर्वांत सूक्ष्म विचार जैन आचारशास्त्रात सापडतो, आणि सूत-कापडाच्या व्यापारातील जैन कुटुंबांमुळे भिवंडीच्या बाजारपेठेला तो परकाही नाही. जैन गृहस्थ, म्हणजे श्रावक, दिग्व्रत घेतो तेव्हा दहा दिशांना आपण कुठवर जाणार, याची जन्मभराची मर्यादा ठरवतो. देशव्रतात त्याच मर्यादेच्या आत काही काळापुरती अधिक लहान सीमा आखतो. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात देशव्रताचे पाच अतिचार, म्हणजे व्रत उघडपणे न मोडता त्याला लागणारे डाग, मोजले आहेत. सीमेबाहेरची वस्तू मागवून घेणे हे आनयन. आपण न जाता दुसऱ्याला पाठवणे हा प्रेष्यप्रयोग. सीमेबाहेरच्या माणसाला आवाज देऊन काम साधणे हा शब्दानुपात. आपले रूप दाखवून खुणावणे हा रूपानुपात. आणि खडा फेकून लक्ष वेधणे हा पुद्गलक्षेप.

दूरध्वनीची कल्पनाही नसलेल्या काळात हे पाच भेद पाडले गेले, हे लक्षात घेतले की त्यांची धार जाणवते. शब्दानुपात म्हणजे साधा कॉल आणि रूपानुपात म्हणजे व्हिडिओ कॉल, असे समीकरण मांडण्याचा मोह होतो, आणि तो पूर्णपणे चुकीचा नाही. शास्त्रकारांना हे उमगले होते, की शरीर एका ठिकाणी बसवले तरी माणूस आवाजाने आणि प्रतिमेने सीमेपलीकडे राहू शकतो. मक्केत बसून नारपोलीतल्या कारखान्यात आज किती मीटर माल उतरला, याची रोज चौकशी करणारा यात्रेकरू कोणताही नियम मोडत नाही. पण तो निघालाच नाही, असे म्हणता येईल. रोमिंगची रचना या स्थितीचे जणू चित्रच आहे: भारतातील कंपनीचे रोमिंग घेतल्यास परदेशातील फोनचा डेटा सामान्यतः आधी त्या कंपनीच्या भारतातील यंत्रणेकडे येतो आणि तेथून पुढे इंटरनेटवर जातो, तर तेथील स्थानिक सिमवर तो तिथल्याच जाळ्यातून जातो.

यावर रास्त आक्षेप असा, की घरच्यांची खुशाली विचारणे आणि धंद्याची सूत्रे हाती ठेवणे यांना एकाच मापाने मोजणे अन्यायाचे आहे. आजारी आईला वडील सुखरूप पोहोचल्याचा निरोप मिळणे हे तिच्या औषधाइतकेच गरजेचे असते. हजच्या इहरामातही, म्हणजे पुरुषांनी दोन बिनशिवलेल्या वस्त्रांनिशी स्वीकारायच्या व्रतस्थ अवस्थेत, बोलणे निषिद्ध नाही. ज्या आयतीत शिदोरीची आज्ञा आहे, तीच कामुकता, दुराचार आणि भांडण यांना मनाई करते. गीतेच्या नवव्या अध्यायात ज्या योगक्षेमाची हमी येते, त्याचा अर्थ शंकराचार्यांनी न मिळालेले मिळवणे आणि मिळालेले राखणे, असा केला आहे. कुटुंबाचा क्षेम कळवणारा कॉल आणि नफ्याचा योग साधण्यासाठी केलेला कॉल यांना एमबी सारखेच लागत असले, तरी त्यांना एकाच तराजूत घालता येणार नाही. म्हणून किती जीबी घ्यायचे, हे ठरवण्यापूर्वी कोणाशी, कशासाठी आणि दिवसातून कितीदा बोलायचे, हे ठरवले पाहिजे. आकडा त्यातून आपोआप निघतो. उलट क्रमाने गेल्यास जेवढे विकत घेतले तेवढे संपवण्याची ओढ लागते.

वेळ ठरवणेही त्यातच येते. मक्केची वेळ भारतापेक्षा अडीच तास मागे असल्याने भिवंडीत रात्रीचे साडेनऊ वाजून घर निवांत होते, तेव्हा तेथे सात वाजलेले असतात, आणि उन्हाळ्यात तो मगरिबच्या नमाजाचा सुमार असतो. घरच्यांशी आधीच दुसरी वेळ ठरली नसेल, तर फोन नेमका तेव्हाच खणखणतो. कोणत्या मार्गाने बोलायचे, हेही आधी तपासावे लागते, कारण संयुक्त अरब अमिरातीसारख्या देशांत इंटरनेटवरून होणाऱ्या कॉलवर निर्बंध आहेत आणि दुबईत विमान बदलणाऱ्याला त्याचा प्रत्यय येतो. शिवाय अराफातच्या मैदानात हजच्या दिवशी लाखो फोन एकाच वेळी जाळ्यावर आले, की खिशातला डेटा पुरेसा असूनही निरोप अडकतो, आणि त्यावर कोणताही मोठा प्लॅन उपाय ठरत नाही. नकाशा, दुआंचे पुस्तक आणि परवान्याची प्रत घरच्या वायफायवर उतरवून ठेवली, तर त्यांना तेथे एक एमबीही लागत नाही.

डेटाच्या शिदोरीचा एक गुण मात्र भाकरीच्या शिदोरीत नाही: ती शिळी होत नाही, मुदत संपताच एकदम नाहीशी होते. चतुर्थांश घट धरून घेतलेल्यातले पाच-सहाशे एमबी शेवटच्या दिवशी उरले, तर ते नारपोलीला आणता येत नाहीत. जेद्दाहच्या विमानतळावर ज्या सहयात्र्याचे पॅक आदल्या रात्रीच संपले आहे, त्याच्यासाठी हॉटस्पॉट उघडून दिला, तर विमानात बसत असल्याचा निरोप त्याला घरी पाठवता येतो, आणि त्यासाठी एक एमबीसुद्धा पुरतो.