भिजलेल्यांची रांग

पाऊस सर्वांना सारखाच भिजवतो, मग आसरा देताना भेद का करावा? स्पेनमध्ये संत याकोबाच्या कबरीकडे सायकलने जाताना हा प्रश्न आम्हास पडला. सुमारे १३०० मीटर उंचीवरील ओ सेब्रेइरो गाठले, तेव्हा सकाळपासून संततधार होती; बोटे बधिर झाली होती. परंतु तेथील सरकारी धर्मशाळेत पायी येणाऱ्यांना आधी जागा मिळते, सायकलस्वारांना मागाहून. आमच्या मनात कुरकुर होती, हे कबूल करतो.

आडोशासाठी चर्चमध्ये शिरलो. तेथे एक प्राचीन चषक जपला आहे. कथा अशी की, सुमारे १३०० साली एक शेतकरी वादळातून डोंगर चढून मिस्सेला आला. वेदीवरील धर्मगुरू मनात म्हणाला, ‘एवढ्याशा भाकरी-द्राक्षारसासाठी हा वेडा इतका भिजला!’ तोच त्यांचे मांस व रक्त झाले. चमत्कार असो, आम्हास बोचला तो कोरड्या झग्यातला विचार. पावसाळ्यात, गळक्या छत्रीने उशिरा येणाऱ्या भाविकाकडे आम्ही वेदीवरून कसे पाहिले आहे?

याच चर्चचे फादर एलियास वालिन्या यांनी मात्र बाहेर पडून, १९८४ साली या वाटेवर परक्या वाटसरूंसाठी पिवळे बाण रंगवले.

त्रिआकास्तेला तेथून सुमारे २१ किलोमीटर. चाकांना दीड-दोन तास, थकल्या पायांना उद्याचा अख्खा दिवस. (ओल्या ब्रेकांनी उतरणे सुखाचे नव्हे, ते वेगळे.) बाहेर काठी टेकत एक वृद्ध जोडपे येत होते. आम्ही सायकल भिंतीपासून काढली.