नळी बदलते, जबाबदारी?

शिरूरच्या मातीला शस्त्र नवे नाही. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कोरेगाव भीमाकडे निघालेली पलटण इथल्याच छावणीतली. दौंडला राज्य राखीव पोलीस बलाचे गट आहेत. पण शिपायाची बंदूक त्याची नसते. ड्यूटी संपली की जमा होते. आम्हाला प्रश्न पडतो तो हौसेने घरी ठेवलेल्या शस्त्राचा.

अमेरिकेतल्या डॅन वेसन कंपनीने नळी बदलता येणारे रिव्हॉल्व्हर काढले. टोकाचे नट सोडवून आखूड नळी काढायची, लांब बसवायची. नळी आणि सिलिंडरमधली फट पातळ पट्टीने मोजायची. काही नळ्यांना टोकाशी वरून छिद्रे असतात; त्यांतून वायू वर सुटतो, म्हणून बार उडताना तोंड कमी उसळते. तेलपाणी करणाऱ्या हाताला यात घड्याळ दुरुस्तीचा आनंद मिळतो. तो खोटा नाही, हे आम्ही मान्य करतो.

पण घड्याळ नीट चालले तर वेळ कळते. रिव्हॉल्व्हर नीट चालले तर? १९५९ च्या शस्त्र कायद्याने सुटा भागही शस्त्रच मानला. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाला बाळगता येणारी शस्त्रे तीनवरून दोनवर आणली.

निवडणूक आली की अनेकांना आपले शस्त्र पोलीस ठाण्यात जमा करावे लागते. त्या दिवसांत ज्याला हात रिकामा वाटतो, त्याने स्वतःला विचारावे : आपण वस्तू सांभाळत होतो की धाक? नियत साफ असेल तर शस्त्र अमानत ठरते. अमानतीचा हिशेब मात्र सुट्या भागांत देता येत नाही.