गाडी तीच का?

रथ म्हणजे आस काय, चाके काय, जू काय, असे नागसेनाने मिलिंद राजाला विचारले आणि प्रत्येक वेळी राजाला नाहीच म्हणावे लागले. जपानातल्या जुन्या माझदा रोडस्टरविषयी वाचताना मला तो रथ आठवला.

१९८९ साली निघालेली ही दोघांपुरती, कापडी टपाची गाडी. वजन ९४० किलोंच्या आसपास. घोडा आणि स्वार एकजीव व्हावेत, ही घडवणाऱ्यांची कल्पना. आज ती घेणारा शहाणा माणूस इंजिनाआधी दाराखालचा पत्रा ठोकून पाहतो. टपामागे पाणी वाहून जाण्याची भोके असतात. त्यांत पालापाचोळा अडकला की पाणी आत मुरते, पत्रा आतून कुजतो. वर लांबी भरून रंग दिला की गाडी नवरदेवासारखी दिसते!

पत्रा बदलला, पट्टा बदलला. २०१७ मध्ये तर कंपनीनेच या गाड्या पूर्ववत करून देण्याची योजना जाहीर केली. टपही नवा मिळू लागला. मग गाडी तीच का? तीच, असे मी म्हणेन. आजीचे घर आपण दरवर्षी शाकारतो. घर आजीचेच राहते.

पण तिला टर्बो बसवणारा तरुण? त्याला मी पूर्वी सरळ नापास केले असते. (मास्तरकीची खोड!) आता धजत नाही. गाडी काही देव्हाऱ्यात ठेवायची नसते. मात्र स्क्रूने बसवलेले काढता येते. चाकावरची कमान कापली की कापलीच, आणि उद्या ती दुसऱ्याच्या हाती जायची असते. काढलेले मूळ भाग फडक्यात गुंडाळून माळ्यावर ठेवणाऱ्याकडून मी डोळे मिटून गाडी घेईन. छे, मिटून नको. ती भोके तेवढी पाहीन.