घोषणेची मालकी कोणाची?

पेरणीच्या दिवसांत आमच्या शिरूर अनंतपाळच्या बाजारी सोयाबीनचे बियाणे घ्यावयास शेतकरी येतो, तेव्हा तो पिशवीवरील खूण प्रथम पाहतो. ज्यास अक्षरओळख नाही तोही ती खूण ओळखतो. दुसऱ्याची खूण आपल्या पिशवीवर छापणारा मनुष्य गरिबाचा सबंध हंगाम बुडवितो. अशी लबाडी होऊ नये म्हणून आपल्या देशात 1999 सालचा व्यापारचिन्हांचा कायदा आहे. त्यान्वये केलेली नोंदणी 10 वर्षे टिकते, व पुढे ती वाढवून घेता येते. हा कायदा न्याय्य आहे ह्यात संशय नाही. परंतु एखाद्या पुढाऱ्याने लोकांपुढे उच्चारलेली घोषणाही अशीच आपल्या नावे नोंदवून घ्यावी काय?

असे प्रत्यक्ष घडले आहे. ‘अमेरिकेस पुन्हा थोर करा’ ह्या अर्थाच्या चार इंग्रजी शब्दांसाठी डोनाल्ड ट्रम्प यांनी नोव्हेंबर 2012 मध्ये अर्ज केला, आणि 2015 साली त्यांची नोंदणी झाली. वास्तविक रोनाल्ड रेगन यांनी 1980 च्या निवडणुकीत जवळजवळ हेच शब्द वापरिले होते.

आपल्या महाराष्ट्रात तंटा झाला तो पक्षाच्या नावाविषयी व निशाणीविषयी. शिवसेनेत फूट पडल्यावर निवडणूक आयोगाने ऑक्टोबर 2022 मध्ये ते नाव व धनुष्यबाण ही दोन्ही गोठविली, आणि 17 फेब्रुवारी 2023 रोजी ती एकनाथ शिंदे यांच्या पक्षास दिली. असा निवाडा कोणास रुचेल, कोणास रुचणार नाही. तथापि नाव व निशाणी ही कोणा एकाचीच असली पाहिजेत, हे तत्त्व आम्हांस मान्य आहे. कारण मत देणारा निशाणी पाहून बटण दाबतो, व दोन निशाण्या सारख्या असल्या तर तो फसतो. बियाण्याच्या पिशवीचाच हा न्याय होय.

घोषणेची गोष्ट मात्र निराळी आहे. ‘सातबारा कोरा’ हे दोन शब्द मराठवाड्यातील लहान मुलासही पाठ आहेत. ते अनेक पक्षांच्या व्यासपीठांवरून आम्ही ऐकिले, आणि मोर्चातील शेतकऱ्यांच्या तोंडूनही ऐकिले. कर्जमाफीची एक योजना 2017 साली निघाली, दुसरी 2019 च्या अखेरीस निघाली. सरकारे निराळी होती. मग हे शब्द कोणाचे? आमच्या मते, ज्याच्या उताऱ्यावर बोजा चढला आहे त्याचे. त्याच्या दुःखातून ते निघाले. पुढाऱ्याने ते त्याजकडून उसने घेतले. आणि उसनी आणलेली वस्तू कोणी आपल्या नावावर चढवीत नसतो.

‘चले जाव’ ह्या 1942 च्या घोषणेचे मूळ इंग्रजी शब्द युसूफ मेहेरअली यांनी सुचविले असे सांगतात. त्याच वर्षी ते मुंबईचे महापौर निवडले गेले होते. त्यांनी त्या शब्दांवर हक्क सांगितला असता, तर खेड्यापाड्यांतील लोक ते आपले म्हणून उच्चारते काय?

कोणी म्हणेल, घोषणेस धनी नसला तर ढोंगीही ती वापरील. खरे आहे. पण नोंदणीने ढोंग थांबत नाही. नोंदणी करणाराच ढोंगी असला तर काय करावे? बियाणे न उगवल्यास शेतकरी कृषी अधिकाऱ्याकडे तक्रार करितो, व शेतात पंचनामा होतो. घोषणेची उगवण मात्र आपणांसच तपासावी लागते. पाच वर्षांनी तोच मनुष्य तेच शब्द घेऊन दारी आला, म्हणजे त्यास नम्रपणे विचारावे, ‘बाबा, मागच्या पेरणीचे काय झाले?’

हाच नियम आपणांसही लागू आहे. गावोगावी चार लोकांपुढे बोलणाऱ्या आमच्या उपदेशक बंधूंनी तो विसरू नये. लोकांपुढे जो शब्द आपण उच्चारितो, त्याचे आपण मालक होत नाही. त्याचे ऋणकरी होतो. आणि ऋण कोणत्याही कचेरीत नोंदविल्याने फिटत नाही. ते फेडल्यानेच फिटते.