खिशातली किल्ली

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

भाविकहो, अवधूताने यदुराजाला आपले २४ गुरू सांगितले, ही कथा भागवताच्या अकराव्या स्कंधात आहे. पृथ्वी, वारा, पाणी, अजगर, कोळी, मधमाशी. इतकेच काय, पिंगला वेश्यासुद्धा त्यात आहे. ज्याच्यापासून शिकलो तो गुरू, असा साधा हिशेब. मग यंदा मला एका खेळाने शिकवले, हे सांगायला लाज कसली?

उन्हाळ्यात नातवाकडे पुण्याला गेलो होतो. तो म्हणाला, "आजोबा, चला आमच्याबरोबर एस्केप रूमला." म्हणजे काय, तर पैसे देऊन स्वतःला कोंडून घ्यायचे! हा खेळ २००७ साली जपानातल्या क्योटो शहरात सुरू झाला आणि जगभर गेला. पाच-सहा जणांना एका खोलीत सोडून दार लावतात. आत अंधूक उजेड, जुनी कपाटे, आकड्यांची कुलपे, भिंतीवर खुणा. कोडी सोडवत ६० मिनिटांत बाहेर यायचे. एक माणूस बाहेर बसून कॅमेऱ्यातून सगळे पाहत असतो. अडलात तर त्याला विचारा, तो वाट दाखवतो. पण आम्हाला सांगितले होते, की विचारल्याशिवाय तो बोलणार नाही.

आत गेलो. भिंतीवरचे घड्याळ उलटे पळू लागले तशी छाती धडधडायला लागली. खेळच आहे हे ठाऊक होते, तरी तळहाताला घाम सुटला. एका टेबलाच्या खणात मला छोटी किल्ली सापडली. वाटले, हिचे कुलूप आपणच शोधू, पोरांना दाखवू म्हातारा काय चीज आहे ते. किल्ली बंडीच्या खिशात टाकली आणि गप्प राहिलो. पोरे इकडे एक पेटी उघडायला धडपडत होती. "बाहेर विचारू या का?" एक पोरगी म्हणाली. मीच म्हटले, "छे, विचारायचे कशाला?"

वेळ संपली. दार उघडले. ती किल्ली त्याच पेटीची होती! नातू हसत म्हणाला, "आजोबा, किल्ली तुमच्या खिशात आणि आपण सगळे कोंडलेले!" बाहेरच्या माणसाने आणखी एक सांगितले, "काका, दार नुसते लोटलेले होते. माणसांच्या जिवासाठी आम्ही खरे कुलूप लावत नाही."

पोरे हसली, मीही हसलो. पण ते वाक्य मनात रुतून बसले.

मग पावसाळा आला. आपल्या भामरागडला पर्लकोटा, पामुलगौतमी आणि इंद्रावती भेटतात. त्या संगमात मला त्रिमूर्तीच दिसते. पण पर्लकोटेचा पूल पाण्याखाली गेला, की आलापल्लीचा रस्ता बंद. वीज नाही, फोन नाही. गावच एक बंद खोली होते. त्या रात्री पाणी आमच्या ओसरीला लागले. घरात बायको, तिचे गुडघे धरलेले. जवळचे उंचावरचे घर एकच, शेजाऱ्याचे. आणि त्याच्याशी धुऱ्याच्या वादावरून मी नऊ वर्षे बोललो नव्हतो.

कंदील घेऊन दारात उभा राहिलो. पाय पुढे पडेना. पाण्याची भीती होतीच, पण 'मी कसा जाऊ?' याची भीती जास्त. तेव्हा हात आपसूक खिशाकडे गेला. खिसा रिकामा होता, पण किल्ली आठवली.

अवधूताच्या गुरूंमध्ये एक कुरर पक्षी आहे. त्याच्या चोचीत मांसाचा तुकडा होता, म्हणून बाकीचे पक्षी त्याच्यावर तुटून पडले. त्याने तुकडा टाकला, त्याच क्षणी सुटला. माझ्या चोचीत नऊ वर्षांचा धुरा होता.

गेलो. हाक मारली. दारावर हात ठेवला तर दार नुसते लोटलेले. आतून आवाज आला, "भाऊ, बाहेर काय उभे राहता? वहिनीले आत आणा." दोघांनी मिळून तिला उचलून नेले. पाणी उतरेपर्यंत एकाच चुलीवर भात शिजला. धुऱ्याची गोष्ट अजून पूर्ण मिटली नाही. पण आता आम्ही ती बसून बोलतो.

भाविकहो, संसाराच्या खोलीत आपण एकटे कोंडलेले नसतो. प्रत्येकाच्या हाती एखादी किल्ली असते आणि ती बहुधा दुसऱ्याच्या पेटीची असते. मीपणाने ती खिशात ठेवली, की सगळेच आत राहतात. सद्गुरू बाहेरून पाहत असतात. आपण हाक मारायचा अवकाश.

या दत्तजयंतीला, मार्गशीर्ष पौर्णिमेला, पाळणा हलवण्याआधी एकदा आपापला खिसा चाचपून पाहा. कुणाशी बोलणे टाकले असेल, तर त्याच्या घरी प्रसाद घेऊन जा. दार लोटून पाहा.

॥ अवधूतचिंतन श्री गुरुदेव दत्त ॥