बिल्बोची माफी

रिव्हेंडेलच्या सभेत म्हातारा बिल्बो बोलायला उठतो. जे. आर. आर. टोल्किन यांच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधली ही सभा खूप लांबते, आणि एवढे लोक, एवढे वंश, एवढ्या जुन्या लढाया यांच्या गर्दीत बिल्बोचं बोलणं सहज निसटून जातं. अंगठी आपल्याकडे कशी आली, हे त्याला सांगायचं असतं. पण सुरुवात करण्याआधी तो ग्लॉइन या बुटक्याकडे डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहतो आणि म्हणतो, इथल्या काहींनी ही हकीकत माझ्याकडून वेगळी ऐकली असेल, तर ती विसरा आणि मला क्षमा करा.

पहिल्या वाचनात मी हे वाक्य ओलांडून गेले होते. दुसऱ्या वेळी तिथेच थांबले. कुठली वेगळी हकीकत? बिल्बोच्या प्रवासाची गोष्ट 'द हॉबिट'मध्ये आहे. ते पुस्तक काढून पुन्हा वाचलं. डोंगराखालच्या काळोखात बिल्बोचा हात जमिनीवरच्या अंगठीवर पडतो, तो ती खिशात टाकतो, मग तिथे राहणाऱ्या गॉलम नावाच्या जीवाशी कोड्यांची पैज लागते, गॉलम हरतो आणि त्याला मारायला उठतो, अंगठीमुळे अदृश्य झालेला बिल्बो निसटतो, आणि मागून 'चोर, चोर' असा आक्रोश येत राहतो. एवढंच. दुसरी कुठलीच हकीकत नाही. जे खोटं आपण कधी वाचलंच नाही, त्याची हा माणूस माफी का मागतोय?

उत्तर छापखान्यात आहे. 'द हॉबिट' पहिल्यांदा 21 सप्टेंबर 1937 रोजी निघालं, तेव्हा हे प्रकरण निराळं होतं. त्यात गॉलमनं पैजेत भेट देण्याचं कबूल केलं होतं. ती भेट म्हणजे हीच अंगठी. हरल्यावर तो ती आणायला आपल्या बेटावर गेला, ती सापडेना म्हणून कळवळून माफी मागू लागला, आणि भेटीऐवजी त्यानं बिल्बोला बाहेरची वाट दाखवली. तेव्हा ती अंगठी म्हणजे अदृश्य करणारी एक गंमतशीर वस्तू होती, बस. पुढे त्याच वर्षाच्या अखेरीस टोल्किन दुसरा भाग लिहायला बसले आणि लिहिता लिहिता ती अंगठी जगाला गिळू पाहणारी झाली. अशी वस्तू कोणी पैजेत लावणार नाही, गॉलम तर नाहीच. म्हणून त्यांनी ते प्रकरण नव्यानं लिहिलं आणि 1947मध्ये नमुना म्हणून प्रकाशकांकडे पाठवलं. 1950मध्ये नव्या आवृत्तीची मुद्रितं त्यांच्या हाती आली, तेव्हा तो बदल त्यात परस्पर घातलेला होता. 1951च्या आवृत्तीपासून आपण तीच गोष्ट वाचतो.

दुसऱ्या एखाद्या लेखकानं एवढ्यावर विषय मिटवला असता. नवी आवृत्ती आली, जुनी विसरायची. टोल्किन ऑक्सफर्डमध्ये अँग्लो-सॅक्सनचे प्राध्यापक होते. एकाच मजकुराच्या दोन हस्तलिखितांत फरक दिसला, तर हा फरक कोणी केला आणि का, हे विचारण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. स्वतःच्याच पुस्तकात पाठभेद तयार झाल्यावर त्यांनी तोच प्रश्न विचारला. जुना पाठ कोणाचा? बिल्बोचा. प्रवासाची हकीकत त्यानंच आपल्या तांबड्या वहीत लिहून ठेवली, असं कथेत मानलेलं आहे. त्यानं असं का लिहिलं? कारण तो खोटं बोलला. लेखकाची अडचण पात्राच्या अंगावर आली आणि त्या पात्राला अचानक खोली मिळाली.

'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या प्रास्ताविकात हे सगळं येतं. बहुतेक वाचक घाईनं ओलांडतात तेच ते प्रास्ताविक, आणि मला ते फार आवडतं. बिल्बो एरवी खरं बोलणारा. म्हणून त्याची पहिली कहाणी त्याचा जादूगार मित्र गँडाल्फ याला पटत नाही. तो खोदून खोदून विचारतो, काही काळ त्यांच्या मैत्रीत ताण येतो, शेवटी खरं बाहेर पडतं. गँडाल्फला जास्त घोर लागतो तो 'भेट' या शब्दाचा. बिल्बोनं तो स्वतः शोधलेला नव्हता. अंधारात गॉलमची बडबड कानावर पडली होती, आणि गॉलम त्या अंगठीला आपल्या वाढदिवसाची भेट म्हणत असे. ती 'भेट' म्हणजे काय, हेही आपल्याला कळतं: वाढदिवसाच्या दिवशी मित्राचा गळा दाबून घेतलेली वस्तू. दोन वेगळे जीव एकाच वस्तूबद्दल एकाच शब्दात खोटं बोलतात. अंगठी काय करू शकते याचा इतका शांत पुरावा सगळ्या कादंबरीत दुसरा नसेल.

मराठीत हे वाचताना मला क्रियापदं दिसू लागतात. सापडली. मिळाली. जिंकली. दिली. घेतली. 'मला मिळाली' म्हटलं की माणूस वाक्यातला कर्ता उरतच नाही. वस्तू आपल्या पायांनी चालत आल्यासारखी वाटते. घरातल्या वाटणीत एखादं भांडं, एखादा दागिना माझ्याकडे कसा आला हे सांगताना मीही 'मिळाला' म्हणते, आणि ते म्हणताना आवाज किंचित सावध होतो. बिल्बोचं तर खरं क्रियापदही निर्दोष होतं. त्याला अंगठी सापडलीच होती. तरी त्याला ते पुरेना. ती निर्विवाद आपली हवी होती, आणि पाठीमागून आलेली 'चोर' ही हाक पुसून टाकायची होती. सभेत तो हेच कबूल करतो.

आणि तरीही, इतक्या लोकांसमोर कबुली देऊनही, आपल्या तांबड्या वहीतला मजकूर त्यानं बदलला नाही. प्रास्ताविक तसं सांगतं. तोंडानं माफी मागितली, कागदावर खोटं राहू दिलं. याचं कारण टोल्किन देत नाहीत. मी त्यावर बराच विचार केला आहे. अंगठीची पकड एवढी उरली होती का? की म्हाताऱ्या माणसाला स्वतःचं जुनं अक्षर खोडणं जड गेलं? मला दुसरं खरं वाटतं, पण पहिलं खोडून काढता येत नाही.

वही पुढे बिल्बोचा वारस फ्रोडो आणि त्याचा सोबती सॅम यांच्याकडे गेली. दोघांनाही सत्य ठाऊक होतं. त्यांच्या टिपणांवरून खरी हकीकत बऱ्याच प्रतींत आली असावी, पण म्हाताऱ्यानं स्वतः लिहिलेलं काहीही त्यांना खोडवेना. म्हणून दोन्ही पाठ राहिले. एवढ्या मोठ्या युद्धातून परतलेली ही दोन माणसं, आणि त्यांचा हा हळुवारपणा प्रास्ताविकातल्या एका वाक्यात बसलेला आहे.

या ग्रंथातल्या सगळ्याच गाठी अशा सुटत नाहीत. ही कादंबरी त्या वहीतूनच आली म्हणायचं, तर झोपलेल्या हॉबिटांकडे पाहून नवल करणाऱ्या कोल्ह्याच्या मनातलं तिच्यात कोणी लिहिलं? ओझरत्या उल्लेखात येणाऱ्या बेरूथिएल राणीच्या मांजरांबद्दल तर आपल्यालाही अजून काही ठाऊक नाही, असं टोल्किन यांनी 1955मध्ये कवी ऑडन यांना कळवलं होतं. पण बिल्बोच्या माफीकडे मी परत परत येते. आपल्या एकशे अकराव्या वाढदिवसाला तो ती अंगठी फ्रोडोसाठी मागे ठेवून घराबाहेर पडतो, गँडाल्फच्या धाकानं का होईना, आणि 'वाढदिवसाची भेट' हा शब्द तेव्हा कुठे एकदाचा खरा होतो.

पहिल्या आवृत्तीच्या पंधराशे प्रती छापल्या होत्या. त्यातल्या काही आजही संग्राहकांच्या कपाटांत आहेत. त्यांची पानं उघडली तर तिथे गॉलम अजून माफी मागतो आहे आणि बिल्बोला बाहेरची वाट दाखवतो आहे.