रिकाम्या रात्रीनंतरचे जाळे

(शुभवर्तमान : लूक ५:१-११)



शिमोन पेत्र आणि त्याचे सोबती गनेसरेत सरोवरात रात्रभर राबले, पण हाती काहीच लागले नाही. सकाळी प्रभू येशू किनाऱ्यावर आला तेव्हा ते काय करीत होते? संत लूक एका वाक्यात सांगून जातो आणि आपणही ते वाचून पुढे जातो. ते आपली जाळी धूत होते. आज आपण याच वाक्यापाशी थोडे थांबू या.

त्या काळची जाळी जवसाच्या झाडापासून काढलेल्या धाग्याची असत. ओली, गाळाने माखलेली तशीच ठेवली तर ती कुजत. म्हणून मासळी मिळो वा न मिळो, रोज सकाळी ती धुवायची, फाटलेले विणायचे आणि उन्हात वाळत घालायची. होडी भरलेली असेल तर हात आपोआप चालतात. पण रिकाम्या होडीतून उतरून, डोळ्यांवर झोप असताना जाळे धुणे जिवावर येते. तरीही पेत्राने ते धुतले. म्हणूनच प्रभूने खोल पाण्यात चल म्हटले, तेव्हा टाकायला त्याच्याजवळ जाळे होते.

आपल्याकडे मासेमारी हा पोटाचा प्रश्न आहे. अमेरिकेत मात्र तिच्या मोठमोठ्या स्पर्धा भरतात. तिथे बास नावाचा गोड्या पाण्यातला शिकारी मासा आहे. रे स्कॉट यांनी १९६८ साली बास पकडणाऱ्यांची संघटना काढली आणि १९७१ पासून ‘बासमास्टर क्लासिक’ ही तिची प्रमुख स्पर्धा सुरू झाली. स्पर्धक पहाटे बोटी घेऊन निघतात, दिवसभर गळ टाकतात आणि ठरलेल्या वेळेला परत येऊन आपले मासे सर्वांसमोर तराजूत ठेवतात. साधारणपणे उत्तम पाच मासेच मोजले जातात. मासे जिवंत आणायचे आणि वजन झाल्यावर पुन्हा पाण्यात सोडायचे. उशीर झाला किंवा मासा मेला तर वजन कापले जाते. भाग घेण्याची फी स्पर्धकाने आधीच भरलेली असते. थंडीची लाट येऊन गेली की मासा सुस्त होतो, आमिषाकडे बघतही नाही. मग कौशल्य असूनही माणूस लोकांसमोर रिकाम्या हाताने उभा राहतो. कधी कधी सारा हंगामच असा जातो.

या खेळातले एक नाव रिक क्लन. त्यांनी १९७६, १९७७, १९८४ आणि १९९० अशी चार वेळा ही स्पर्धा जिंकली. पुढे वय वाढले, तरुण स्पर्धक आले, विजयाविना वर्षामागून वर्षे गेली. लोकांनी समजून घेतले की यांचे दिवस संपले. त्यांनी मात्र सराव सोडला नाही. २०१६ साली वयाच्या ६९ व्या वर्षी आणि पुन्हा २०१९ साली ७२ व्या वर्षी त्यांनी फ्लोरिडातल्या सेंट जॉन्स नदीवरची स्पर्धा जिंकली.

परंतु यावरून ‘चिकाटी धरा, यश नक्की मिळेल’ असा सोपा निष्कर्ष आपण काढू नये. त्याच पाण्यावर तितक्याच चिकाटीने गळ टाकणारे बाकीचे सारे त्या दिवशी हरलेच होते. त्यांना आपण काय सांगणार?

हा प्रश्न आपल्या घरचाही आहे. एकबुर्जी घ्या, कारंज्याजवळचे अडाण धरण घ्या, आपल्या जिल्ह्यातल्या जलाशयांत रोहू, कटला, मृगळ आहेत. मच्छीमार संस्था ठेका घेते, बीज सोडते आणि मासा मोठा होण्याची वाट पाहते. पाऊस रुसला की पाणी आटते आणि उरलेले आधी पिण्यासाठी राखावे लागते. मेहनत तीच, पण जाळे हलके. सोयाबीन आणि कापसाचेही तसेच. २००६ साली केंद्र सरकारने शेतकरी आत्महत्यांमुळे विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी विशेष पॅकेज दिले, त्यात आपला वाशीम होता. इथे कुणाच्या पाठीवर थाप मारून ‘सकारात्मक राहा’ म्हणणे सोपे आहे. ज्याच्या दारात सावकार उभा आहे, ज्या मुलाचे नाव भरतीच्या यादीत तिसऱ्यांदा आले नाही, त्याला त्या शब्दाने धीर येत नाही.

ख्रिस्तसभा आपल्याला त्याहून भक्कम शब्द देते : आशा. संत थॉमस अक्वायनस शिकवतात की आशेचा विषय असतो भविष्यातले असे चांगले, जे मिळायला अवघड आहे पण अशक्य नाही. सोपे असते तर आशेची गरज नव्हती; अशक्य असते तर आशा धरता आली नसती. एका बाजूला ‘होईल सगळे आपोआप’ हा फाजील विश्वास आणि दुसऱ्या बाजूला ‘आता काही होणार नाही’ ही निराशा. दोघांचा परिणाम एकच : जाळे धुतले जात नाही. आशा धरणारा थकलेला असला, रडत असला, तरी जाळे धुतो. पेत्राने आपला थकवा लपवला नाही. रात्रभर काही मिळाले नाही, हे त्याने प्रभूला तोंडावर सांगितले आणि मग त्याच्या शब्दावर जाळे टाकले.

या शुभवर्तमानात आणखी दोन गोष्टी आहेत. पहिली : जाळी फाटू लागली तेव्हा पेत्राने दुसऱ्या होडीतल्या सोबत्यांना खुणावले. भरलेल्या जाळ्यासाठी मदत मागताना लाज वाटत नाही. रिकाम्या जाळ्यासाठी मात्र आपण तोंड लपवतो. बंधू-भगिनींनो, कर्जाचा, अपयशाचा भार एकट्याने वाहू नका. घरात बोला, शेजाऱ्याशी बोला, आमच्याकडे या. धर्मगुरूंचे दार रात्रीही वाजवता येते. आणि आपल्या बाकावर नेहमी बसणारा माणूस दोन रविवार दिसला नाही, तर त्याच्या घरी जाऊन या. दुसरी होडी कुणाला तरी व्हावेच लागेल.

दुसरी गोष्ट अधिक नवलाची. आयुष्यातली सर्वांत मोठी मासळी किनाऱ्यावर आली आणि ती तिथेच सोडून ते येशूच्या मागे गेले. प्रभूने पेत्राला बोलावले, ते होडीत किती मासे आहेत हे मोजून नव्हे. तराजू माशांचे वजन करतो, माणसाचे करीत नाही. गुणपत्रिका, सातबारा, बँकेचे पासबुक हे सगळे तराजूच आहेत. देवाच्या नजरेत आपले मोल त्यांवर ठरत नाही.

या आठवड्यात प्रत्येकाने आपले एक जाळे धुवावे. सोडून दिलेले पुस्तक उघडावे, गोठ्यातली तुटलेली दावण बांधावी, थांबलेली कुटुंबप्रार्थना सुरू करावी. मासळीची वेळ प्रभूच्या हाती आहे.

प्रार्थना करू या : हे प्रभू येशू, आमच्या रिकाम्या होडीत तू येऊन बस. थकलेल्या हातांना बळ दे. एकट्या पडलेल्यांसाठी आम्हांला दुसरी होडी बनव आणि तुझ्या शब्दावर पुन्हा एकदा जाळे टाकण्याचे धैर्य दे. आमेन.